जॅझ आणि बिग बँड ऐकायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे फोंडा तालुक्यातले. घरात भजन, नाट्यसंगीत, चवथीला आरत्या आणि घुमट. तबल्याचे सुरुवातीचे शिक्षणही झालेले. पणजीत एका कार्यक्रमात १७ जणांचा बिग बँड पहिल्यांदाच ऐकला आणि फार आवडला. घरी येऊन फोनवर ‘जॅझ’ म्हणून जे सापडले ते लावले, तर सगळे हॉटेलच्या लॉबीत वाजते तसे, एकाच छापाचे वाटले. तेव्हा काय ऐकावे, कोणत्या क्रमाने, आणि ऐकताना कान कुठे ठेवावा?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते जमले नाही तर कितीही चांगली यादी दिली तरी ती वाया जाईल. जॅझ एकसुरी वाटते ते बहुतेक वेळा आवर्तन हाती लागत नाही म्हणून. आवर्तन असतेच, आणि ते आपल्या तालाइतकेच काटेकोर असते. १९३० ते १९६० च्या काळातल्या रचनांचा फार मोठा भाग दोन साच्यांत बसतो. पहिला ब्लूज. चार मात्रांचा एक बार, असे १२ बार, म्हणजे ४८ मात्रा. त्रितालाची बरोबर तीन आवर्तने. पहिल्या १६ मात्रा मुख्यतः षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर), दुसऱ्या १६ मध्ये मध्यमावर जाऊन परत षड्जावर, तिसऱ्या १६ मध्ये पंचमावरून उतरून घरी. दुसरा साचा ३२ बारचा. आठ बारची एक ओळ, तीच पुन्हा, मग आठ बारचा वेगळा भाग ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी पहिली ओळ परत. एकूण १२८ मात्रा. ही एक फेरी संपली की तीच पुन्हा सुरू होते. सोलो म्हणजे त्याच फेरीवर, कॉर्डचा क्रम तसाच ठेवून, केलेली नवी बांधणी. तबला शिकलेल्या माणसाला हे मोजणे दोन दिवसांत जमते.

पण दोन ठिकाणी आपला कान फसतो. एक म्हणजे टाळी. स्विंगमध्ये, म्हणजे बिग बँडच्या झुलत्या लयीत, वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. ड्रमरच्या पायाखालचा हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, नेमका तिथेच ‘चिक’ असा मिटतो. भजनाच्या सवयीने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी धरली की तीच रचना पाय ओढत चालल्यासारखी वाटते. दुसरी फसगत समेची. सोलो करणारा तिहाई घेऊन समेवर येईल याची वाट पाहू नका. तो खुशाल सम ओलांडून पुढच्या फेरीत शिरतो, नाहीतर दोन मात्रा आधीच वाक्य संपवून श्वास घेतो. जागा दाखवण्याचे काम बेसचे आहे. डबल बेसवाला बहुतेक वेळ प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालतो. पहिले काही दिवस सगळे सोडून फक्त तोच ऐका.

आता रेकॉर्ड. इतिहासाच्या क्रमाने १९१७ पासून सुरुवात करू नका. जुन्या ध्वनिमुद्रणात बेस आणि ड्रम पुसट असतात, आणि तुम्हाला तर नेमके तेच ऐकायचे आहे. सुरुवात पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसी यांच्या ‘द अ‍ॅटॉमिक मिस्टर बेसी’ने करा. ऑक्टोबर १९५७ चे ध्वनिमुद्रण, सगळ्या रचना नील हेफ्टी यांच्या. बिग बँडची नेहमीची बैठक चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन (चढ्या सुराचे दोन आल्टो, मधले दोन टेनर, खर्जातला एक बॅरिटोन) आणि पियानो, गिटार, बेस, ड्रम अशी असते. इथे ट्रॉम्बोन तीनच आहेत, बाकी तेच. पहिली मोजायची ती ‘स्प्लँकी’. १२ बारचा साधा ब्लूज आहे. सुरुवातीला सगळे दबकून वाजवतात, आणि शेवटाकडे पूर्ण बँड एकाच लयीत उसळतो. त्याला शाउट कोरस म्हणतात. कोणत्याही बिग बँडच्या रचनेत हा उंचवटा शोधायची सवय लावा. तो सापडला की त्याच्या आधीची सगळी चढण कळते.

याच रेकॉर्डवरची ‘लिल डार्लिन’ स्वतंत्रपणे, रात्री, घरातले आवाज शांत झाल्यावर ऐकावी. लय इतकी संथ आहे की हौशी बँड हमखास पुढे पळतात. सूर मात्रेच्या किंचित मागे ठेवायचा आणि तरीही लय पडू द्यायची नाही, हे फार कठीण काम. ते पेलले आहे फ्रेडी ग्रीन यांच्या गिटारने. ते १९३७ पासून १९८७ पर्यंत याच बँडमध्ये होते, सोलो जवळजवळ कधी घेतला नाही. मात्रेमात्रेला एक कोरडा, आखूड कॉर्ड, बस. सुरुवातीला ते ऐकूच येत नाही. बेस आणि हाय-हॅट यांच्या मध्ये तांदूळ पाखडल्यासारखा बारीक आवाज आहे तो त्यांचा. एकदा तो लागला की पुढे बेसीच्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये लागतो. मधला म्यूट (आवाज दबवणारी टोपी) लावलेला ट्रम्पेट वेंडेल कली यांचा. वेगात ऐकायचे असेल तर ‘व्हर्ली-बर्ड’, त्यात एडी ‘लॉकजॉ’ डेव्हिस यांचा टेनर.

यानंतर वीस वर्षे मागे, ७ जुलै १९३७ चे ‘वन ओ’क्लॉक जम्प’. तीन मिनिटांचा ब्लूज. बेसी पियानोवर उघडतात, मग हर्शेल एव्हान्स यांचा टेनर, पुढे ट्रॉम्बोन, आणि त्यानंतर लेस्टर यंग यांचा टेनर. वाद्य एकच, फेरी एकच, पण एव्हान्स यांचा सूर जाड आणि कंप घेतलेला, तर यंग यांचा हलका, कोरडा, जवळजवळ बोलल्यासारखा. दोन घराण्यांच्या गळ्यांतला फरक ओळखणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. शेवटी सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असे तीन विभाग तीन छोटी पालुपदे एकमेकांत गुंफतात. ही पालुपदे म्हणजे रिफ. बेसी जिथून पुढे आले त्या कॅन्सस सिटीच्या बँडची ती खासियत होती, आणि बरीचशी कागदावर न लिहिता तोंडी बसवलेली असत.

दुसरे मोठे बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन हा मात्र वेगळा प्रांत. बेसीकडे लय आधी, एलिंग्टनकडे रंग आधी. ते वाद्यासाठी न लिहिता वाजवणाऱ्या माणसासाठी लिहीत. म्हणून १९४० ते १९४२ चा त्यांचा संच घ्या: बेसवर जिमी ब्लँटन, टेनरवर बेन वेब्स्टर. ‘को-को’, ‘जॅक द बेअर’, ‘कॉटन टेल’ ही तीन आधी. ‘को-को’ अंधाऱ्या कोमल स्वरांचा ब्लूज. त्यात ट्रिकी सॅम नॅन्टन यांचा ट्रॉम्बोन माणसासारखा कण्हतो, कारण त्याच्या तोंडावर ते प्लंजर, म्हणजे तुंबलेला नळ मोकळा करायचा रबरी वाडगा, उघडझाप करतात. ‘जॅक द बेअर’मध्ये बेस हे साथीचे वाद्य राहतच नाही. ब्लँटन १९४२ मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी क्षयाने गेले. तोवर बेस पुढे कसा वाजणार हे त्यांनी ठरवून टाकले होते.

याच काळातले ‘टेक द ए ट्रेन’ हे ३२ बारच्या साच्याचे उत्तम उदाहरण. रचना बिली स्ट्रेहॉर्न यांची, ध्वनिमुद्रण १५ फेब्रुवारी १९४१. त्या वर्षी अमेरिकेत रेडिओ आणि संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा तंटा चालू होता, एलिंग्टन यांच्या स्वतःच्या रचना रेडिओवर लागू शकत नव्हत्या. म्हणून सहकाऱ्याची ही रचना बँडची ओळख बनली. चार बारचा पियानो, आणि लगेच सॅक्सोफोन एका सुरात चाल धरतात. षड्ज धरून म्हणा: पंचमावरून वरच्या गंधारावर, आणि तिसऱ्या बारला चाल सरळ कोमल धैवतावर जाऊन उभी राहते. खालचा कॉर्डही तिथेच बदलतो. कान टवकारतो तो या एका सुराने. मधल्या फटींत म्यूट लावलेले ट्रम्पेट-ट्रॉम्बोन उत्तरे देतात. दुसरी फेरी रे नान्स यांच्या म्यूट ट्रम्पेटची. मग चार बारचा जोड येतो, षड्ज वर सरकतो, आणि तिसऱ्या फेरीत नान्स म्यूट काढून वाजवतात. एक फेरी सुमारे पाऊण मिनिटाची. कागदावर तीन आडव्या रेघा मारून प्रत्येक ब्रिजवर खूण करत ऐका. पहिल्या दोन-तीन वेळा खुणा चुकतील, पुढे हात आपोआप जागेवर पडतो.

एलिंग्टन यांचे दुसरे अवश्य ऐकावे असे म्हणजे न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातली मैफल, ७ जुलै १९५६. ‘डिमिन्युएन्डो अँड क्रेशेन्डो इन ब्लू’मध्ये पॉल गोन्साल्विस यांनी टेनरवर ब्लूजच्या सलग २७ फेऱ्या घेतल्या, सुमारे सहा मिनिटे, आणि श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले. इथे आवृत्ती बघूनच घ्या. १९५६ साली आलेल्या एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चिकटवलेला होता, आणि गोन्साल्विस भलत्याच माइकसमोर उभे राहिल्याने त्यांचा सोलो दूरवरून आल्यासारखा होता. तो माइक व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा होता. त्यांची टेप पुढे सापडली आणि दोन्ही जुळवून १९९९ मध्ये संपूर्ण मैफल दोन सीडींवर निघाली. शीर्षकात ‘कम्प्लीट’ असलेली ती.

आणि आपल्याला जवळची म्हणून ‘फार ईस्ट स्वीट’. १९६३ च्या दौऱ्यात बँड भारतातही आला होता. त्या दौऱ्यावरून सुचलेली ही मालिका १९६६ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झाली. सतार-तबला घुसवलेला नाही हे तिचे मोठेपण. ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’त जिमी हॅमिल्टन यांची क्लॅरिनेट एका मैनेची शीळ घेऊन येते, ‘आग्रा’त हॅरी कार्नी यांचा बॅरिटोन. पण सगळ्यांत सुंदर ‘इस्फहान’: जॉनी हॉजेस आल्टोवर एका सुरातून दुसऱ्यात अशी मींड घेतात की ख्याल ऐकणाऱ्याने मान डोलवावी.

स्विंगच्या बाकी बड्या नावांचे पटकन सांगतो. बेनी गुडमन: कार्नेगी हॉल, १६ जानेवारी १९३८. ‘सिंग, सिंग, सिंग’ बारा मिनिटांचे आहे. सगळे जण जीन क्रुपा यांच्या ड्रमसाठी ऐकतात, पण शेवटाकडचा जेस स्टेसी यांचा शांत पियानो चुकवू नका. आर्टी शॉ: ‘बिगिन द बिगीन’, १९३८. ग्लेन मिलर गोड आहेत, सॅक्सोफोनच्या वर क्लॅरिनेट ठेवण्याची त्यांची युक्ती एका सेकंदात ओळखू येते, पण चार रचनांनंतर ते संपतात असे माझे मत. डिझी गिलेस्पी यांच्या बिग बँडचे ‘मान्टेका’ (१९४७) जरूर ऐका; त्यात चानो पोझो यांचे क्यूबन कोंगा (हाताने वाजवायचे ढोल) आहेत.

बिग बँडवरच थांबू नये. छोट्या संचात संवाद जास्त उघडा दिसतो. माइल्स डेव्हिस यांचे ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) सगळेच सुचवतात, मीही सुचवतो, पण तुमच्यासाठी कारण वेगळे. ‘सो व्हॉट’ पूर्णपणे काफी थाटाच्या स्वरांत आहे. पहिले १६ बार एका षड्जावर काफी, ब्रिजचे आठ बार तोच काफी अर्ध्या स्वराने वर उचललेला, शेवटचे आठ परत खाली. हा उचल-ठेव ओळखता आला की पुढचे चारही सोलो (माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली, बिल इव्हान्स) नकाशासकट ऐकता येतात. मात्र त्यात काफी रागाचे चलन शोधू नका, फक्त स्वर तेच आहेत. या रेकॉर्डचीही एक गंमत: पहिल्या बाजूच्या तीन रचना मूळ टेपयंत्र हळू चालल्यामुळे कित्येक वर्षे किंचित चढ्या सुरात विकल्या जात होत्या. १९९० च्या दशकापासूनच्या दुरुस्त आवृत्त्यांत ते ठीक केले आहे. जुन्या एलपीबरोबर हार्मोनियम लावून पाहिलीत आणि जुळली नाही, तर दोष हार्मोनियमचा नाही.

डेव्ह ब्रूबेक यांचे ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत आहे म्हणून आपल्याकडे लगेच झपतालाची आठवण येते. झपताल दोन-तीन असा चालतो, हे तीन-दोन असे आहे. दोन-तीन मोजत गेलात तर पियानोचा ठेका सतत अंगावर येईल. ‘ब्लू रोंडो’ नऊ मात्रांचे, दोन-दोन-दोन-तीन, आणि मध्येच साध्या चार मात्रांच्या ब्लूजमध्ये उतरते. चार्ल्स मिंगस यांचे ‘मिंगस आह उम’ (१९५९) यानंतर घ्या. सात-आठ जणांत बिग बँडचा गोंगाट उभा केला आहे. कोल्ट्रेन यांची शेवटची वर्षे किंवा फ्री जॅझ मात्र सध्या बाजूला ठेवा. आवर्तन मोडण्यातली मजा आवर्तन पक्के झाल्याशिवाय मिळत नाही.

गायनात जो विल्यम्स यांचे बेसीबरोबरचे १९५५ चे रेकॉर्ड, एला फिट्झजेराल्ड यांची १९६० ची बर्लिनची मैफल (‘मॅक द नाइफ’चे शब्द विसरल्यावर त्यांनी जागच्या जागी जे रचले ते ऐकाच) आणि फ्रँक सिनात्रा यांचे १९६६ चे ‘अ‍ॅट द सँड्स’ पुरे. त्यानंतरच्या बँडसाठी थॅड जोन्स–मेल लुईस यांचे ‘कन्समेशन’ (१९७०), गिल इव्हान्स यांनी माइल्ससाठी बांधलेले ‘माइल्स अहेड’ (१९५७) आणि मारिया श्नायडर यांचे ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ (२००४).

गोव्यात बसून ऐकणाऱ्याने एक वाट घरातूनही धरावी. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये गेले आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, सी. रामचंद्र यांच्याबरोबर होते. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे वाद्यवृंदाची लिखावट करणारे. ‘अलबेला’ (१९५१) मधली गाणी आता पुन्हा लावा आणि गायक सोडून दोन ओळींमधल्या फटी ऐका. सॅक्सोफोनने सवाल करायचा, ट्रम्पेटने जवाब द्यायचा, ही बेसी-एलिंग्टनचीच भाषा आहे, ठेका मात्र पुष्कळदा लॅटिन. क्रिस पेरी आणि लोर्ना यांची ‘बेबदो’, ‘पिसो’ ही कोंकणी गाणी तुम्ही शंभरदा ऐकली असतील. आता ट्रम्पेट गायिकेला कुठे आत येऊ देतो आणि कुठे अडवतो तेवढेच ऐका. सॅक्सोफोनवादकांत ब्राझ गोन्साल्विस ऐका. आणि ज्यांना हे सगळे आपल्या संगीतापासून फार दूरचे वाटते त्यांच्यासाठी: १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलेल्या तबकडीवर आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आणि लुई आर्मस्ट्राँग यांचे १९२७ चे ‘मेलँकली ब्लूज’ एकत्र आहेत.

फोनवर सगळे एकसारखे का वाटले, त्याची दोन कारणे. पहिले, फोनचा स्पीकर. डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. तो चिमुकला स्पीकर तिथवर पोचतच नाही, म्हणजे ज्याच्यावर आवर्तन मोजायचे तोच गायब. साधे वायरचे इअरफोन चालतील. ‘बास बूस्ट’ बंद ठेवा, त्याने बेसचे सुटे सूर एकमेकांत चिकटतात. दुसरे कारण, तयार याद्या. त्यांत मूळ ध्वनिमुद्रण, त्याच बँडच्या नावाने मूळ नायक गेल्यावर केलेली नक्कल आणि अलीकडची पार्श्वसंगीत म्हणून केलेली भरताड एकत्र असते. रचनेचे नाव नव्हे, वर्ष आणि वादकांची नावे बघा. ती दिलेली नसतील तर पुढे चला. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादकसंघाने ध्वनिमुद्रण बंद पाडले होते, आणि मोठ्या कंपन्यांपैकी दोघींचे ते १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत सुटले नाही. तेव्हा १९४३ ची स्टुडिओतली बिग बँड तबकडी म्हणून कोणी काही दाखवले तर जरा शंका घ्या. दिवसाला एकच रचना, पण तीन वेळा: एकदा बेस, एकदा मागचे विभाग, एकदा सोलो. शफल नको.

जुन्या घरांत ट्रंकेत तबकड्या निघतात, त्यांच्याबद्दलही. ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेची, असते. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावाल तर वरचा थर विरघळेल, स्पिरिट टाळाच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने पुसणे, मधले लेबल कोरडे ठेवणे, सावलीत उभी वाळवणे. पावसात येणारी पांढरी बुरशी याने बरीच जाते. तिने खाच खाल्ली असेल तर खरखर राहणारच. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत त्या वाकतात. ७८ ला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची ०.७ मिलची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते. चावीच्या ग्रामोफोनची स्टीलची सुई एका बाजूपुरतीच, आणि त्या ग्रामोफोनवर एलपी कधीच लावू नका, एका फेरीत खराब होते.

प्रत्यक्ष बँड ऐकायला जाल तेव्हा पहिली रांग टाळा. ट्रम्पेटची तोंडे सरळ समोर असतात आणि पुढे बसले की बाकी काही ऐकू येत नाही. पाच-सहा रांगा मागे, मधोमध बसावे. सोलो संपला की रचना चालू असतानाच टाळ्या द्यायच्या असतात, मैफलीत दाद देतो तशा. लयीला टाळी धरायची असेल तर दुसरी आणि चौथी.